अटकेची बातमी आणि सुटकेचे मौन

वृत्तपत्रांच्या व्यवहाराविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांची उत्तरे या सदरात दिली जातात. या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली पाच पत्रे निवडली आहेत. आपल्याकडची बातमीदारी आणि इतर देशांतील बातमीदारी यांत इतके अंतर का, ही विचारणा त्या सर्वांत आहे. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या भाच्याला दोन वर्षांपूर्वी कारखान्यातील तांब्याच्या तारेच्या चोरीच्या संशयावरून पोलिसांनी अटक केली. दुसऱ्या दिवशी एका स्थानिक दैनिकात त्याचे पूर्ण नाव, वय, राहण्याची कॉलनी आणि छायाचित्र छापून आले. तपासात त्याचा काही संबंध आढळला नाही, म्हणून त्याला सोडण्यात आले. त्याविषयी मात्र एक ओळही आली नाही. त्याचे ठरलेले लग्न मोडले. माझी पुतणी स्वीडनमध्ये नोकरी करते. तेथे संशयिताचे नाव छापत नाहीत, असे ती सांगते. हे खरे आहे काय? – एक वाचक, सातपूर

आपल्या पुतणीचे म्हणणे बहुतांशी खरे आहे, आणि त्यातील लक्षात घेण्याजोगा भाग असा की स्वीडनमध्ये हे कायद्याच्या धाकाने होत नाही. त्या देशाने १७६६ मध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्याचा कायदा केला. तो जगातील अशा प्रकारचा पहिला कायदा मानला जातो. सरकारी आणि न्यायालयीन कागदपत्रे सामान्य नागरिकालाही पाहता येतात, म्हणजे संशयिताचे नाव बातमीदाराला सहज मिळते. असे असूनही तेथील वृत्तपत्रे सर्वसाधारण गुन्ह्यात ते छापत नाहीत, कारण हा संयम त्यांनी आपण होऊन स्वीकारला आहे. स्वीडनची वृत्तपत्र परिषद १९१६ मध्ये स्थापन झाली आणि १९६९ पासून तेथे वाचकांच्या तक्रारी ऐकणारा स्वतंत्र लोकपाल आहे. मंत्री, मोठा अधिकारी किंवा उद्योगपती संशयाच्या घेऱ्यात असेल तर नाव छापले जाते, कारण ते जाणून घेण्यात लोकांचे हित असते. कारखान्यातील कामगाराच्या बाबतीत तसे हित सिद्ध करणे कठीण आहे.

जर्मनीत बहुधा पहिले नाव आणि आडनावाचे आद्याक्षर एवढेच छापतात. फ्रान्समध्ये कायदाच आडवा येतो : दोषी न ठरलेल्या व्यक्तीचे बेड्या घातलेले छायाचित्र प्रसिद्ध करण्यास २००० च्या कायद्याने मनाई केली आहे. मे २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे तत्कालीन प्रमुख, फ्रेंच नेते डॉमिनिक स्ट्रॉस-कान यांना न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि हातकड्या घातलेल्या अवस्थेत त्यांना कॅमेऱ्यांसमोरून नेण्यात आले, तेव्हा फ्रान्समध्ये संताप उसळला आणि अमेरिकेत मात्र हा नित्याचा रिवाज असल्याने पुष्कळांना त्यात वावगे वाटले नाही. त्यांच्यावरील फौजदारी आरोप त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मागे घेण्यात आले.

अमेरिकेच्या रिवाजामागेही विचार आहे, तो आपण समजून घेतला पाहिजे. पोलिसांनी कोणाला पकडले हे गुप्त राहू लागले, तर सरकार कोणालाही गुपचूप उचलून नेऊ शकते. म्हणून अटकेची नोंद उघड असली पाहिजे, असे ते मानतात. आणीबाणीत मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली माणसे तुरुंगात गेली आणि वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही भीती निराधार वाटणार नाही. त्यामुळे नावे छापण्यावर सरसकट कायदेशीर बंदी असावी, असे मी म्हणणार नाही. मात्र अटकेची नोंद न्यायालयात आणि पोलीस ठाण्यात खुली असणे वेगळे आणि ती छायाचित्रासह लाख घरांत पोहोचवणे वेगळे.

इंग्लंडमध्ये १९८१ च्या न्यायालय अवमान कायद्यानुसार अटक झाल्यापासूनच खटल्याला बाधा आणणारा मजकूर छापणे गुन्हा ठरू शकते. तरीही डिसेंबर २०१० मध्ये ब्रिस्टल येथे एका तरुणीच्या खुनाच्या संशयावरून तिच्या घरमालकाला, एका निवृत्त शिक्षकाला, अटक झाली तेव्हा लंडनच्या वृत्तपत्रांनी त्यांच्या राहणीवरून आणि दिसण्यावरून त्यांना जवळजवळ खुनी ठरवले. ते निर्दोष होते. खून दुसऱ्यानेच केला होता. पुढच्या वर्षी आठ वृत्तपत्रांना त्यांना अब्रुनुकसानीची भरपाई द्यावी लागली आणि त्यांपैकी दोघांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंडही झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की ज्याच्यावर अद्याप आरोप ठेवलेला नाही, अशा तपासाखालील व्यक्तीला त्या तपासाबाबत खासगीपणाची अपेक्षा ठेवण्याचा सर्वसाधारणपणे हक्क आहे.

आता आपल्याकडे वळू. जिल्हा आवृत्तीत गुन्ह्यांची बातमी बहुधा पोलिसांच्या प्रेसनोटवरून तयार होते. ती सायंकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. सोबत जप्त केलेला मुद्देमाल, मागे उभे केलेले संशयित आणि पुढे बसलेले पथक असे छायाचित्र असते. पान लावण्याची वेळ जवळ आलेली असते, उपसंपादक मथळा देतो आणि बातमी जाते. दोन महिन्यांनी त्याच प्रकरणात कोणी सुटला तर त्याची प्रेसनोट निघत नाही. सुटकेची बातमी न येण्यामागे बहुतेक वेळा द्वेष नसतो. ती बातमी आणून देण्यास कोणी बांधील नसतो, एवढेच त्याचे कारण. पोलिसांनी माध्यमांना माहिती कशी द्यावी याची सविस्तर नियमावली तयार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला सांगितले. परंतु पोलिसांनी काय द्यावे हे ठरले, तरी आपण काय छापावे हे ठरवण्याची जबाबदारी संपादकाचीच राहते.

या बाबतीत मला सर्वांत उपयुक्त वाटणारे उदाहरण अमेरिकेतलेच आहे. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२१ मध्ये जाहीर केले की किरकोळ गुन्ह्यांच्या छोट्या बातम्यांत, जेथे पुढील घडामोडी देण्याची शक्यता नसते तेथे, ती यापुढे संशयिताचे नाव देणार नाही. कारण उघड आहे : आरोप मागे घेतले गेले तरी जुनी बातमी इंटरनेटवर तशीच राहते आणि नोकरी देणाऱ्याने उमेदवाराचे नाव शोधले की तीच वर येते. ज्या प्रकरणाचा शेवट आपण छापणार नाही, त्याच्या सुरुवातीला नाव छापू नये, हा नियम नाशिकच्या प्रत्येक दैनिकाने उद्यापासून लागू करावा. त्याला नवा कायदा लागत नाही आणि खर्चही येत नाही.

आपल्या भाच्यासाठी एक सुचवतो. तपासी अधिकाऱ्याने न्यायालयात सादर केलेल्या अहवालाची किंवा सुटकेच्या आदेशाची प्रमाणित प्रत मिळवावी आणि ती जोडून संपादकांच्या नावे लेखी अर्ज करावा. त्यात दोन मागण्या स्वतंत्रपणे मांडाव्यात : सुटकेची बातमी छापावी, आणि संकेतस्थळावरील जुन्या बातमीतून नाव व छायाचित्र काढावे. बोस्टन ग्लोब या दैनिकाने जानेवारी २०२१ पासून अशा अर्जांचा विचार करण्याची रीतसर व्यवस्था केली आहे, याचा उल्लेख अर्जात अवश्य करावा. प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे वृत्तपत्रांविषयीच्या तक्रारी ऐकणाऱ्या आपल्या वैधानिक संस्थेकडे, तक्रार करायची असल्यास दैनिकाच्या बाबतीत ती प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करायची असते आणि त्याआधी संपादकांना लिहावे लागते. मुदत उलटली असली तरी विलंबाचे सबळ कारण दाखवून विनंती करता येते. कौन्सिल दंड करू शकत नाही. समज किंवा ठपका देऊ शकते.

प्रश्न : दंगलीच्या बातमीत 'दोन गट' असे लिहितात आणि कोणता समाज ते सांगत नाहीत. हे सत्य लपवणे नव्हे काय? परदेशात असे चालते का? – एक वाचक, मालेगाव

चालते, आणि त्यावर तेथेही वाद होतो. जर्मनीच्या वृत्तपत्र परिषदेच्या संहितेत संशयिताचा वंश किंवा धर्म यांचा उल्लेख करण्यावर जुने बंधन आहे. नाझी राजवटीत वृत्तपत्रांनी एका समाजाला गुन्हेगार म्हणून रंगवले, त्याची आठवण त्यामागे आहे. २०१५ च्या वर्षअखेरीच्या रात्री कोलोन शहरात स्त्रियांवर मोठ्या प्रमाणात अत्याचार झाले आणि संशयितांच्या मूळ देशाविषयी माध्यमे गप्प राहिली अशी टीका झाली. त्यानंतर २०१७ मध्ये नियमाची भाषा बदलली : समर्थनीय लोकहित असेल तर उल्लेख करावा, निव्वळ कुतूहल हे कारण पुरेसे नाही, आणि एकाच्या कृत्यावरून सगळ्या समाजाविषयी ग्रह होणार नाही याची काळजी घ्यावी.

आपल्या प्रेस कौन्सिलची भूमिका दंगलीच्या बाबतीत अधिक सावध आहे. हाणामारी चालू असताना कोणत्या समाजाचे किती मेले हे छापले, तर संध्याकाळपर्यंत आकडे आणखी वाढण्याचा धोका असतो. मालेगावच्या वाचकाला हे मी सांगण्याची गरज नाही. शांतता झाल्यावर मात्र वृत्तपत्राने सविस्तर, नावानिशी, चौकशी अहवालांच्या आधारे लिहिले पाहिजे. ते फारच थोडे लोक करतात. तुमचा आक्षेप तेथे रास्त आहे.

एक फरक मी येथे आग्रहाने करतो. गावात पाणवठ्यावरून किंवा लग्नाच्या वरातीवरून दलित कुटुंबावर हल्ला झाला, तर 'दोन गटांत वाद' असे लिहिणे खोटे आहे. तेथे जात हेच हल्ल्याचे कारण असते आणि ती वगळली की बातमीच उरत नाही. ज्या नाशिकमध्ये १९३० मध्ये काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह झाला, तेथील बातमीदाराला हे वेगळे शिकवावे लागू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केला, तोच मुळी अस्पृश्यांवरील अन्यायाला प्रचलित वृत्तपत्रांत जागा मिळत नव्हती म्हणून. आरोपीची जात छापणे आणि अत्याचाराचे कारण असलेली जात छापणे यांना एकाच नियमाने मोजता येत नाही.

प्रश्न : आपल्या वृत्तपत्रांची नीती पाश्चात्त्यांपेक्षा नेहमीच कमी दर्जाची असते का? – एक निवृत्त शिक्षिका, नाशिक रोड

नाही. बलात्कारपीडितेची ओळख जपण्याच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेपेक्षा पुष्कळच कडक आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम २२८-अ आणि आता भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ यांनुसार तिची ओळख उघड करणे गुन्हा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नाव तर नाहीच, पण ज्यावरून ती ओळखू येईल असा तपशीलही छापता येणार नाही. अमेरिकेत १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात याच्या उलट निकाल दिला : पोलिसांच्या कागदांतून कायदेशीरपणे मिळालेले पीडितेचे नाव छापल्याबद्दल वृत्तपत्राला शिक्षा करता येणार नाही. तेथील बहुतेक वृत्तपत्रे नाव छापत नाहीत, पण ती स्वेच्छेने. आपल्याकडे कायदा असूनही गाव, वडिलांचा व्यवसाय, शाळेची इयत्ता असे तपशील दिले जातात आणि लहान गावात तेवढे पुरते. त्यामुळे कायद्याचा कडकपणा आपल्या पानांवर पूर्णपणे उतरलेला आहे, असे मात्र म्हणवत नाही.

प्रश्न : मी निफाड तालुक्यात एका दैनिकाचा वार्ताहर आहे. कार्यक्रमाला गेल्यावर पाकीट किंवा भेटवस्तू देतात. नाकारली तर लोक रागावतात. शिवाय जाहिराती आणण्याचे काम माझ्याकडेच आहे. परदेशात पत्रकार काय करतात? – एक वार्ताहर

आपण हा प्रश्न लिहून विचारला याचे मला मोल वाटते, कारण आपल्या व्यवसायात ही गोष्ट बोलण्यात सर्वांना ठाऊक आणि लेखनात कोणालाच ठाऊक नाही, अशी स्थिती आहे.

पाकीट केवळ आपल्याकडे नाही. इंडोनेशियात ते आहे, नायजेरियात आहे, घानात आहे, आणि चीनमध्ये 'गाडीभाडे' या नावाने ते दिले जाते. ज्या देशांत वार्ताहराला पगार पोट भरण्याइतका मिळत नाही, तेथे ही चाल हटकून दिसते. म्हणून केवळ संस्कृती म्हणून तिच्याकडे पाहणे मला मान्य नाही. पाहुण्याला रिकाम्या हाताने पाठवू नये ही आपली रीत खरी, परंतु सत्काराची शाल आणि नारळ यांनी कोणाची बातमी बदलत नाही. नोटा घातलेल्या पाकिटाने बदलते, हे देणाऱ्यालाही कळते आणि घेणाऱ्यालाही. इंडोनेशियात सुहार्तो सरकारने १९९४ मध्ये तीन नियतकालिके बंद केली, त्यानंतर त्याच वर्षी पत्रकारांनी स्थापन केलेल्या स्वतंत्र संघटनेने पाकीट न घेणे हे आपल्या सदस्यांचे व्रत केले. म्हणजे त्याच संस्कृतीतल्या माणसांनी ते नाकारून दाखवले आहे.

अमेरिकेतील मोठी वृत्तपत्रे बातमीदाराला भेटवस्तू घेऊ देत नाहीत आणि माहिती देणाऱ्याला पैसेही देत नाहीत. इंग्लंडमध्ये मात्र माहितीसाठी पैसे मोजण्याची चाल आहे. २००९ मध्ये डेली टेलिग्राफने खासदारांच्या भत्त्यांची सगळी नोंद पैसे देऊन मिळवली आणि त्या बातम्यांमुळे कॉमन्स सभागृहाच्या अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. हे योग्य होते की अयोग्य, यावर दोन देशांतील संपादकांचे एकमत होणार नाही. माझ्या मते सार्वजनिक पैशाची लूट उघड करण्यासाठी तो खर्च समर्थनीय होता. तेथील संहिताही फौजदारी खटल्यातील साक्षीदाराला पैसे देण्यास मात्र मनाई करते, आणि ते योग्यच आहे.

पाकिटापेक्षा सूक्ष्म असा दुसरा धोका जपानमध्ये दिसतो. तेथे मंत्रालये, पोलीस, मोठ्या संस्था यांच्याशी जोडलेले पत्रकारांचे क्लब असतात. सदस्यांना इमारतीतच बसायला जागा मिळते आणि अधिकारी त्यांना नियमित माहिती देतात. १९७४ मध्ये पंतप्रधान काकुएई तानाका यांच्या आर्थिक व्यवहारांचा छडा एका मासिकाने लावला. रोज पंतप्रधानांच्या मागे असणाऱ्या दैनिकांच्या बातमीदारांपैकी अनेकांना त्यातील बरेच ठाऊक होते, परंतु कोणी छापले नव्हते. तेथे लाच हे कारण नव्हते. रोजचा सहवास तुटू नये ही इच्छा पुरेशी होती. नाशिकच्या महापालिकेत, जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा पोलीस आयुक्तालयात रोज जाणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनात ठेवावे.

आता आपला खरा पेच. ज्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाची पुरवणी आपण सकाळी ठरवून आलात, त्याच संस्थेच्या सभेत दुपारी सभासदांनी गोंधळ घातला तर ती बातमी आपण कशी लिहाल? एकाच माणसाला बातमी आणि जाहिरात दोन्ही सोपवणे ही व्यवस्थाच चुकीची आहे, आणि तिचा दोष मी तालुक्याच्या वार्ताहरावर ठेवणार नाही. पत्रकार आणि वृत्तपत्र कर्मचारी यांच्या वेतनासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन आयोगाच्या शिफारशी सरकारने २०११ मध्ये स्वीकारल्या आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वैध ठरवल्या. त्यांचा लाभ तालुक्यातील मानधनावरच्या वार्ताहरापर्यंत क्वचितच पोहोचला. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी मराठी दैनिकांत एकाच उमेदवाराची शब्दशः सारखी स्तुती छापून आली, प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली आणि २०१० मध्ये पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा अहवाल तयार झाला. ती विक्री निफाडच्या वार्ताहराने ठरवलेली नव्हती. दर वरच्या कार्यालयांत ठरत होते.

आपण स्वतः एवढे करू शकता. पाकीट परत करताना ते चारचौघांत करू नका, बाजूला नेऊन शांतपणे करा, म्हणजे यजमानाचा अपमान होत नाही आणि पुढच्या वेळी तो देतही नाही. जाहिरातदाराशी संबंधित वादाची बातमी असेल तर मुख्य कार्यालयाला लेखी कळवा : 'या संस्थेची जाहिरात मीच आणली आहे, बातमी दुसऱ्याकडून तपासून घ्या.' या पत्राची प्रत आपल्याकडे राहील. त्याने पेच सुटणार नाही, पण निर्णयाची जबाबदारी ज्यांची आहे त्यांच्याकडे जाईल.

प्रश्न : मी पत्रकारितेची विद्यार्थिनी आहे. माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवण्याचे वचन भारतात पाळता येते का? – कॉलेज रोड

पाळता येते, परंतु कायद्याचा आधार अपुरा आहे, हे आधी जाणून घ्या. स्वीडनमध्ये हे संरक्षण राज्यघटनेच्या दर्जाचे आहे : नाव न सांगण्याची अट घालून माहिती देणाऱ्याचे नाव पत्रकाराने फोडले तर पत्रकारालाच शिक्षा होऊ शकते, आणि माहिती कोणी दिली हे शोधण्यास सरकारी खात्याला मनाई आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पत्रकाराला काही ना काही संरक्षण आहे, परंतु केंद्रीय कायदा नाही. त्यामुळे न्यूयॉर्क टाइम्सच्या ज्युडिथ मिलर यांना २००५ मध्ये माहिती देणाऱ्याचे नाव सांगण्यास नकार दिल्याबद्दल ८५ दिवस तुरुंगात राहावे लागले. भारतात १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम १५ मध्ये एवढेच म्हटले आहे की कौन्सिल आपल्यासमोरील कामकाजात वृत्तपत्राला किंवा पत्रकाराला माहितीचा स्रोत सांगण्यास भाग पाडू शकत नाही. न्यायालय किंवा तपास यंत्रणा यांना ते बंधन लागू नाही. वकील आणि अशील यांच्यातील संभाषणाला पुराव्याच्या कायद्यात जे संरक्षण आहे, ते पत्रकाराला दिलेले नाही.

म्हणून वचन देण्यापूर्वी समोरच्या माणसाला ही मर्यादा स्पष्ट सांगा. आरोग्य खात्यातील कारकून किंवा जिल्हा परिषदेतील कनिष्ठ अभियंता आपली नोकरी पणाला लावून कागद देत असतो, आणि आपल्या हातात काय आहे व काय नाही हे कळण्याचा त्याचा हक्क आहे. कागदाची मूळ प्रत घेण्याऐवजी माहितीच्या अधिकाराखाली तोच कागद रीतसर मागता येतो का, ते पाहा. २००५ च्या त्या कायद्याने मिळालेल्या कागदामागे कोणाला लपवावे लागत नाही. अर्जात नेमका जावक क्रमांक लिहू नका. तो क्रमांक बाहेर कसा गेला याची चौकशी त्याच कार्यालयात सुरू होते. विषय आणि कालावधी लिहून त्या काळातील सर्व पत्रव्यवहार मागा.